केडगावचा आसरा : पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील निराश्रित

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही यापूर्वी ऐकलेले आहे. शालेय पाठ्यपुस्तकात त्या संस्कृत पंडिता म्हणून भेटतात, स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शारदा सदनाच्या संस्थापक म्हणून, तर वाङ्मयाच्या इतिहासात 'स्त्रीधर्मनीती' आणि अमेरिकेच्या प्रवासवृत्ताच्या लेखिका म्हणून. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात जे वादळ उठले त्याचीही माहिती तुम्हाला असेल. या घटकात आपण त्यांच्या चरित्राकडे एका कमी परिचित बाजूने पाहणार आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळाने गावातून उठवलेल्या, दूरच्या प्रांतांतून आलेल्या, निराळी भाषा बोलणाऱ्या शेकडो मुलींना आणि स्त्रियांना पुणे जिल्ह्यातील केडगाव या लहानशा गावाशेजारी एका ख्रिस्ती संस्थेने आसरा दिला. तो आसरा कसा उभा राहिला, तो कोणाच्या हातांनी चालला आणि त्याच्याभोवती कोणते प्रश्न उभे राहिले, हा या घटकाचा विषय आहे.

आरंभीच दोन शब्दांविषयी थोडे बोलले पाहिजे. 'निर्वासित' हा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात रुळला तो प्रामुख्याने फाळणीनंतर. त्याआधी दुष्काळाने घर सोडणाऱ्या माणसाला आपण देशोधडीला लागलेला म्हणत असू. आपल्या ग्रामीण बोलीत 'जगायला जाणे' असाही एक प्रयोग आहे. ऊसतोडीला किंवा शहरातल्या बांधकामावर कुटुंबासह जाणाऱ्यांविषयी तो आजही ऐकू येतो आणि तुमच्यापैकी काहींच्या घरातही तो वापरला जात असेल. राहत्या जागी जगणे अशक्य झाले म्हणून माणूस निघतो, हे त्या दोन शब्दांत पुरते सामावलेले आहे. दुसरा शब्द 'चर्च'. सामान्य मराठीत चर्च म्हणजे इमारत. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र ज्याला 'मंडळी' म्हणतो तो माणसांचा समुदाय असतो. केडगावच्या संदर्भात हा फरक ध्यानात ठेवावा, कारण तेथे इमारतीच्या आधी मंडळी जमली आणि ती जवळजवळ सगळीच बाहेरून आलेल्यांची होती.

भुकेच्या वाटेवरील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी गृहस्थ. पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पुण्यातील विद्यार्थिदशेत पाहिले होते. आपली पत्नीही शिकली पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू मांडली आणि अरण्यात आश्रम थाटला. पुढे आल्यागेल्याच्या पाहुणचारात व कर्जात तो आश्रम बुडाला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने जागा सोडली. वेताच्या पेटाऱ्यात घातलेल्या त्या मुलीचा प्रवास जो सुरू झाला तो जवळजवळ तिच्या तारुण्यापर्यंत थांबला नाही. तीर्थक्षेत्री जावे, देवळात पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या गावाला निघावे, असा हा जीवनक्रम होता.

या भटकंतीला आपण सहसा ज्ञानयात्रा म्हणून गौरवतो. रमाबाईंनी स्वतः केलेले वर्णन वाचले की तिची दुसरी बाजू दिसते. १८७०च्या दशकाच्या मध्यास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई झाली. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरात दाणा उरला नाही, तेव्हा पुराणिकाला देणार कोण? हे कुटुंब अंगमेहनतीची कामे जाणत नव्हते आणि जातीच्या अभिमानामुळे ती करण्यास किंवा भीक मागण्यासही धजत नव्हते. जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे एकामागून एक विकली गेली. अखेरीस अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढावे लागले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलगा श्रीनिवास मोलमजुरी करायला तयार झाला, तेव्हा तो विचार मागे पडला. पण तोवर उशीर झाला होता. आधी वडील गेले, थोड्या महिन्यांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली.

आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग येथे नोंदवतो, कारण पुढील साऱ्या कार्याचे मूळ मला त्यात दिसते. परगावी आलेल्या या अनोळखी कुटुंबाच्या मृताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या प्रयासाने दोन ब्राह्मण आले. चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला. त्या ठेंगण्या होत्या; खांद्याची उंची जुळेना म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला आणि तीन मैलांवरील स्मशान गाठले. त्या वेळी त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. परक्या गावात निराधार असणे म्हणजे काय, याची ओळख त्यांना कोणत्याही धर्मग्रंथाच्या आधी या वाटेवर झाली.

भाऊ आणि बहीण त्यानंतर पायी उत्तरेकडे निघाले. हजारो मैलांच्या या प्रवासात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून रात्र काढली.

कलकत्ता, पुणे आणि समुद्रापलीकडे

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि रमाबाईंचे दिवस पालटले. त्यांच्या संस्कृत वक्तृत्वाने विद्वान थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना मिळाल्या. याच शहरात कोणीतरी त्यांना संस्कृत बायबलची प्रत दिली. ती त्यांना समजली नाही. ज्या संस्कृतवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते त्याच भाषेतला हा ग्रंथ त्यांना परका वाटला, कारण त्याची शब्दयोजना आणि विचारांची बैठक हिंदू ग्रंथांच्या संस्कृतपेक्षा अगदी वेगळी होती. ही छोटीशी नोंद ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

पुढील घटना तुम्ही अन्य घटकांत सविस्तर अभ्यासल्या आहेत, म्हणून येथे केवळ धावता उल्लेख करतो. १८८० मध्ये भावाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. कन्या मनोरमेच्या जन्मानंतर थोड्याच काळात, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पतीचे निधन झाले. रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या, पतित म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांना सन्मानाने सांभाळताना त्यांनी पाहिले. या दर्शनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी ग्रंथ लिहिला, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या आर्थिक बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये मोठा वाद झाला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोण बरोबर होते, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मला एवढेच सुचवायचे आहे की पुणेकर समाजाचा पाठिंबा गेल्यानंतर रमाबाईंना पायाखालच्या जमिनीचा विचार अक्षरशः करावा लागला. सदनाला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून त्यांनी पुण्यापासून सुमारे चौतीस मैलांवर, लोहमार्गालगतच्या केडगाव येथे शंभरेक एकर माळरान घेतले आणि विहिरी खणून फळबागेची तयारी केली. तेथे पुढे एक वसाहत उभी राहील, अशी ती खरेदी करताना त्यांची योजना नव्हती.

मध्य प्रांताकडून आलेल्या मुली

१८९६ चा पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात धान्याचे भाव चढले आणि शेतमजुरांची, विणकरांची, लहान कुळांची घरे मोडू लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली, अनाथगृहे आणि अन्नछत्रे उघडली. पण दुष्काळी कामावर खडी फोडायची तर अंगात बळ हवे, आणि तेथे पोहोचण्यासाठी गाव सोडायला हवे. रस्त्यावर कुटुंबे फुटत. पुरुष एकीकडे जाई, म्हातारे मागे राहत, आणि कोवळ्या वयाच्या मुली व तरुण विधवा जमावात एकट्या पडत. अशा मुलींवर दलालांची नजर असे. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. छावण्यांत आणि अनाथगृहांत त्यांनी जे पाहिले ते १८९७ मध्ये दुष्काळाच्या अनुभवांवरील आपल्या लेखनात मांडले. उपासमारीइतकेच, किंबहुना अधिक, भय त्यांना या मुलींच्या विक्रीचे आणि विटंबनेचे वाटले.

निघण्यापूर्वी त्यांचे मन कचरत होते, असे त्यांच्याच लेखनावरून दिसते. हाती पैसा नव्हता. बॉस्टनची मदत शारदा सदनापुरती आणि ठरावीक मुदतीची होती. मात्र वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांना विसरता येत नव्हती. अखेर त्यांनी सुमारे तीनशे मुली आणण्याचा निश्चय केला. खर्चासाठी त्यांनी जॉर्ज म्युलर या इंग्लंडमधील अनाथालयचालकाचा मार्ग स्वीकारला. म्युलर कोणाकडेही ठरावीक वर्गणीचे वचन मागत नसे. प्रार्थना करावी आणि स्वेच्छेने येईल त्या देणगीवर काम चालवावे, अशी त्याची रीत होती. व्यवहारी माणसाला ही पद्धत धाडसाची वाटेल. प्रत्यक्षात तिच्या जोडीला रमाबाईंचा काटेकोर हिशेब आणि देशोदेशीच्या ख्रिस्ती स्नेह्यांशी अखंड पत्रव्यवहार होता, हेही सांगितले पाहिजे.

येथे एक मोठा बदल घडला आणि तो बहुधा न ठरवता घडला. दुष्काळ जात विचारून येत नाही. मध्य प्रांतातून आलेल्या मुलींत शेतकरी, कारागीर, मजूर अशा नाना जातींच्या मुली होत्या. ब्राह्मण विधवांसाठी सुरू झालेले रमाबाईंचे कार्य या एका वर्षात जातीची मर्यादा ओलांडून गेले. स्त्रीसुधारणेच्या चळवळीत ही घटना जितकी नोंदली जायला हवी तितकी नोंदली जात नाही, असे माझे मत आहे.

शहराच्या वेशीवर

मुली पुण्यास येऊ लागल्या त्याच सुमारास शहरात प्लेग शिरला. १८९७ चे पुणे तुम्हाला ठाऊक आहे. घरांची झडती, रोग्यांचे सक्तीने विलगीकरण, रँडचा कारभार आणि चापेकर बंधूंनी केलेला त्याचा वध. अशा शहरात परप्रांतातून आलेल्या, रोगट दिसणाऱ्या शेकडो मुलींची भर घालण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. साथीच्या काळात नव्याने येणाऱ्या माणसाकडे आधी रोगाचा वाहक म्हणून पाहिले जाते, हा अनुभव आपल्या पिढीने २०२० मध्ये पुन्हा घेतला. मनाईच्या विरोधात जाण्याऐवजी रमाबाईंनी मुलींना केडगावला हलवले. प्लेगच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविषयी मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. आपल्या संस्थेतील एका मुलीच्या बाबतीत आलेला अनुभव त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडला आणि त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. सरकारी गोटात त्यामुळे त्यांच्याविषयी नाराजी निर्माण झाली. धर्माने ख्रिस्ती झालेली ही बाई राज्यकर्त्यांच्या बाजूची असणार, हा समज किती वरवरचा होता, याचा हा एक दाखला होय.

केडगावच्या माळावर तेव्हा राहण्याजोगे फारसे काही नव्हते. आरंभी तंबू आणि गवती छपरे यांत संसार मांडावा लागला. फळबागेसाठी खणलेल्या विहिरींचे पाणी आता मुलींना लागू लागले. दीर्घ उपासमार झालेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालता येत नाही. अन्न पोटात ठरत नाही, आणि बळ यायला महिने लागतात. काही मुली आसऱ्याला पोहोचूनही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्या अंगावर खरूज, डोळ्यांत रोग आणि मनात धास्ती होती. पुढ्यातले अन्न पुन्हा मिळेल यावर ज्याचा विश्वास उडालेला असतो, त्याला रांगेत बसायला शिकवणे सोपे नसते.

१८९८ मध्ये या वसाहतीला 'मुक्ती' हे नाव मिळाले.

दुसरा दुष्काळ

केडगाव जेमतेम स्थिरावते न स्थिरावते तोच १८९९ चा पाऊसही गेला. गुजरात आणि राजपुताना होरपळून निघाले. विक्रम संवत १९५६ मधील हा दुष्काळ गुजरातेत आजही 'छप्पनियो' म्हणून ओळखला जातो. गुजरातच्या सुपीक पट्ट्यातील शेतकऱ्याला दुष्काळाची सवय नव्हती. प्रथम गुरे मेली, मग शेती थांबली, आणि मग माणसे निघाली. रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि तेथून मुलींचे थवेच्या थवे केडगावला येऊ लागले. १९०० पर्यंत मुक्तीतील माणसांची संख्या पंधराशेच्या वर गेली.

या टप्प्यावर थोडे थांबा आणि एक गोष्ट पाहा. पहिल्या दुष्काळात ज्या मुली हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या, त्या आता तीन वर्षांनी मोठ्या झाल्या होत्या. नव्या मुलींना न्हाऊ घालणे, भरवणे, आजाऱ्यांजवळ रात्र काढणे, अक्षरे गिरवून घेणे, ही कामे आता त्यांच्याकडे आली. परदेशी आणि देशी मिशनरी स्त्रियांचे साह्य होतेच. मिनी एब्रम्स यांचे नाव त्यांत विशेष घेतले जाते. तरी पंधराशे माणसांचा पसारा मूठभर शिक्षित बायकांकडून चालणे शक्य नव्हते. तो चालला निराश्रितांनीच निराश्रितांना सांभाळल्यामुळे. संस्थेच्या प्रमुखही एका दुष्काळातून वाचलेल्या होत्या. दाता आणि याचक यांच्यामधली नेहमीची भिंत येथे बरीचशी पातळ झाली होती, ती या कारणाने.

दिवसाची घडी शिक्षण आणि श्रम यांत विभागलेली असे. शेत, बाग, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, धुलाई, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. यांतली काही कामे त्या काळी बाईने करायची मानली जात नसत. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे काम स्त्रियांच्या हाती होते. पाहणाऱ्याला ही निव्वळ उद्योगशाळा वाटेल. रमाबाईंचा विचार मात्र पुढचा होता, आणि त्याला त्यांच्या वडिलांच्या शोकांतिकेची पार्श्वभूमी होती. ज्याला हाताने काम करता येत नाही आणि भीकही मागता येत नाही, तो दुष्काळात प्रथम मरतो, हे त्यांनी घरातच पाहिले होते. गरजेनुसार वसाहतीची अंगे वाढत गेली. फसवल्या गेलेल्या व घराबाहेर टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, लहान मुलांसाठी सदानंद सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी केले. ही नावे एकदा पुन्हा वाचा. बायबलमधील अंध बार्तिमय याच्यावरून घेतलेले एक नाव सोडले तर सारी संस्कृत आहेत. 'मुक्ती' तर थेट भारतीय अध्यात्मातला शब्द. मुलींनी सोडलेल्या घरांत तो ऐकलेला असणार. येथे त्याचा अर्थ ख्रिस्ती तारण असा होता आणि त्याच वेळी भुकेपासून, दलालापासून, सासरच्या छळापासून सुटका असाही होता. एका शब्दात हे दोन्ही अर्थ मुरवण्याची किमया संस्कृत मुळातून जाणणारी व्यक्तीच करू जाणे.

अन्न आणि श्रद्धा

आता अवघड प्रश्नाकडे वळू. शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हते. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. येथे प्रार्थना आणि बायबलचे वाचन हा दिनक्रमाचा भाग होता आणि पुढच्या वर्षांत शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्याचा धर्म तिने स्वीकारला, तर त्या स्वीकारात तिची इच्छा किती आणि तिची अगतिकता किती?

हा प्रश्न आजच्या अभ्यासकाने नव्याने शोधलेला नाही. त्या काळीही तो विचारला गेला, आणि केवळ वृत्तपत्रांतील टीकेच्या रूपाने नव्हे. लाला लजपत राय यांनी १८९६-९७ च्या आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात हिंदू अनाथांच्या साह्याची चळवळ उभारली. दुष्काळातील मुले मिशनऱ्यांकडे जाऊ नयेत हा तिचा एक स्पष्ट हेतू होता. पुण्याजवळ हिंगण्यास धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला, त्यामागेही धर्मांतराचा संशय येणार नाही अशा ठिकाणी विधवांचे शिक्षण व्हावे, ही जाणीव होती. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या, हे तुम्हाला आठवत असेलच. म्हणजे रमाबाईंच्या कार्याने सहकारी निर्माण केले त्याहून अधिक प्रतिस्पर्धी निर्माण केले, आणि निराश्रितांच्या दृष्टीने पाहता त्यात काही वाईट झाले नाही. आसऱ्याची दारे वाढली.

रमाबाईंच्या बाजूने विचार करताना त्यांचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ख्रिस्ती झाल्यानंतरही त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि आंग्ल धर्मगुरूंशी त्यांचे सिद्धान्तांवरून झालेले मतभेद प्रसिद्ध आहेत. कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात त्यांनी मुक्ती दिली नाही. स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय काहीही न स्वीकारणाऱ्या या बाईला दुसऱ्यावर श्रद्धा लादणे मानवले नसते, असे त्यांचे चाहते म्हणतात. हे म्हणणे मला पूर्णपणे पुरेसे वाटत नाही. प्रौढ पंडितेने आयुष्यभराच्या शोधानंतर केलेली निवड आणि दहा-बारा वर्षांच्या अनाथ मुलीने आश्रयस्थानात केलेली निवड यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. दुसरीकडे, टीकाकारांच्याही हिशेबात एक रकाना मोकळा राहतो. ज्या रस्त्यावरून या मुली उचलल्या गेल्या त्या रस्त्यावर त्यांच्यापुढे दुसरी कोणती निवड होती? आपल्यापर्यंत पोहोचलेली मुक्तीची वर्णने बहुतांशी संस्था चालवणाऱ्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी लिहिलेली आहेत, ही गोष्ट या चर्चेत सतत डोळ्यांसमोर ठेवावी. या विषयावर प्रश्नपत्रिकेत उत्तर लिहिताना तुम्ही एका बाजूचे वकील होऊ नये, अशी माझी अपेक्षा आहे.

माळावरची मराठी

भाषेचा विद्यार्थी म्हणून केडगावचा आणखी एक पैलू मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. मध्य प्रांताच्या हिंदी भाषक जिल्ह्यांतील मुली, गुजरातेतील मुली आणि मराठी मुली एका आवारात राहत होत्या. भोवतालच्या गावाची भाषा मराठी. आलेल्या मुलीला विहिरीवर, बाजारात, पुढे लग्न होऊन नव्या घरात वावरायचे तर मराठी यायला हवी होती. स्थलांतरित माणसाला अन्नानंतर लगेच लागणारी वस्तू म्हणजे भोवतालची भाषा. ती येईपर्यंत तो पाहुणाही नसतो आणि शेजारीही नसतो. रमाबाई स्वतः कानडी मुलखात जन्मलेल्या, मराठी घरात वाढलेल्या, हिंदी आणि बंगाली वाटेवर शिकलेल्या होत्या. नव्या भाषेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलीची अडचण त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. मराठीत बायबलची भाषांतरे आधी झालेली होती, मग नवे कशासाठी? रमाबाईंच्या मते प्रचलित भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर होती. साध्या, अल्पशिक्षित बाईला ती परकी वाटे. कलकत्त्यातील संस्कृत बायबलची आठवण येथे करा. भाषा येत असूनही ग्रंथ परका वाटणे, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. त्याचबरोबर हिंदू धर्मकल्पनांचा गंध असलेले शब्द टाळावेत, असाही त्यांचा कटाक्ष होता. म्हणजे ज्या रमाबाईंनी आपल्या सदनांना निःसंकोच संस्कृत नावे दिली, त्याच भाषांतरात मात्र शब्दांची कसून झडती घेत होत्या. या दोन भूमिका एकाच व्यक्तीत कशा नांदल्या, हा भाषांतराच्या अभ्यासकासाठी चांगला प्रकल्पविषय होऊ शकेल.

या कामासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ऐकू येणे पुढे फार कमी झाले होते, प्रकृती ढासळत होती, आणि वसाहतीचा व्याप होताच. तरी सुमारे सतरा-अठरा वर्षे हे काम चालले. शब्द सोपे ठेवण्यात त्यांना पुष्कळ यश आले. वाक्यरचनेत मात्र मूळ हिब्रूशी इमान राखण्याच्या आग्रहामुळे मराठीचा स्वाभाविक ओघ अनेक ठिकाणी अडखळतो, आणि हे भाषांतर मराठी ख्रिस्ती समाजात सर्वत्र रूढ झाले नाही याचे एक कारण तेही असावे. हा दोष मान्य करूनही एवढे म्हणावे लागेल की संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचा असा उद्योग एकट्या स्त्रीने केल्याचे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

१९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. जुलै १९२१ मध्ये, ज्या मुलीकडे त्या संस्था सोपवणार होत्या ती मनोरमा वारली. रमाबाईंनी हातातील मुद्रिते तपासण्याचे काम थांबवले नाही. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याची पाने ज्या हातांनी तयार केली ते हात मुक्तीत वाढलेल्या स्त्रियांचे होते.